व्हिडिओतले सर आणि वर्गातले सर

मित्रांनो, आज आमच्या मुरुम गावात पोरांनी माझाच निकाल लावला.

कॉलेज अर्ध्यात सोडल्यापासून मी माझी मैत्रीण पल्लवी चालवते त्या शिकवणीत गणित शिकवतो. घरी बघायला पोरांना व्हिडिओही करून पाठवतो. पण वर्गात माझा पारा चढतो, मग कुणी शंकाच विचारत नाही. पल्लवीनं कालच बजावलं होतं, "पोरं नको म्हणाली तर तुझा तास बंद."

आज तिनं सातवीच्या एकेका पोराला बाजूला नेऊन मोबाईलवर मत रेकॉर्ड करून घेतलं, आणि सगळं मला ऐकवलं.

पहिलीच पोरगी म्हणते, "वर्गातले सर लई चिडतेत. व्हिडिओतले सर भारी हैत, अपूर्णांक तीनदा सांगतेत. त्यांनाच वर्गात पाठवा की मॅडम."

पल्लवी हसून हसून खालीच बसली. मी तापलो आणि खरं ते बोलून गेलो, "व्हिडिओ काढताना मोबाईल धरून समोर तू असतीस. तुझ्यापुढं चिडू कसा?"

तिचं हसू थांबलं. उठून उभी राहत म्हणाली, "मग उद्या मागच्या ओळीत मी बसते. बघू चिडतोस का."

दोस्तहो, सकाळी आठला तास आहे. पोरांकडं बघून शिकवणं जमंल का मला?