मुठीतली शिट्टी
समोरच्या मैदानावर भर पावसात कुणी शिट्टी वाजवली की मला पळस्प्याचं ते शिबिर आठवतं. पनवेलच्या शाळेत मी गाईडच्या बाई होते आणि उघडीप बघून लहान मुलींना तिथे तंबूत मुक्कामाला नेलं होतं. दुपारी चौघीजणी वहाळापलीकडे सरपण आणायला गेल्या आणि पाऊस कोसळला. तंबूत ओल्या कापडाचा नि रॉकेलचा वास कोंडला होता, मला काही बसवेना. काठावर येरझारा घालत मी सारखी शिट्टी फुंकत होते, पण पावसाच्या आवाजात ती माझी मलाच ऐकू येत नव्हती. पाऊस जरा ओसरला तेव्हा चौघी पलीकडे दिसल्या. मधे कमरेएवढं गढूळ पाणी धावत होतं. मी पुन्हा शिट्टी ओठांत धरली, तोच त्यांच्यातली थोरली दोन्ही हात पसरून बाकीच्यांना अडवत ओरडली, "बाई, शिट्टी नका मारू. या धावतील. आमी हितंच थांबतो." शिट्टी ऐकली की हातातलं टाकून सरळ माझ्याकडे धावायचं, हे मीच त्यांच्या अंगवळणी पाडलं होतं. पाणी उतरल्यावर चौघी अलीकडे आल्या, तरी शिट्टीवर आवळलेली माझी मूठ उघडेना. परवा नात ती शिट्टी खेळायला मागत होती. मी अजून दिलेली नाही.