फोन पडला होता का?

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर बसणाऱ्या बाईकडे किस्से कसे कमी पडतील? फोनची स्क्रीन बिघडली की माणूस थोडा बिथरतोच. बिघाड सांगता सांगता घरचंही सगळं सांगून टाकतो. दुरुस्त झालेला फोन तो घेऊन जातो, गोष्ट मात्र आमच्याकडेच राहते! आधी जळगावला आणि आता धुळ्याला मी हेच काम करतेय. बाहेर काउंटरवर मी, आतल्या टेबलावर फोन उघडून बसलेले मिलिंदभाऊ.

*

वॉरंटीतला फोन घेताना आमचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘पडला होता का?’ पडून बिघडला असेल, तर कंपनी फुकट दुरुस्त करत नाही ना!

एकदा पिंपळनेरचे एक आबा आले. फोनच्या स्क्रीनवर मधोमध हिरवी रेघ. आबांचा कोपर सोललेला, गुडघ्याला पट्टी. मी संशयानंच विचारलं, ‘‘आबा, फोन पडला होता का?’’

‘‘मी पडनू,’’ आबा म्हणाले, ‘‘फोन नही पडना!’’

बांधावरून पाय घसरला, तेव्हा त्यांनी फोनचा हात तेवढा वर धरून ठेवला होता. मुलीनं पहिल्या पगारातून घेतलेला फोन! रेघ त्याच्या आधीपासूनची. मिलिंदभाऊंनी फोन भिंगाखाली धरून सगळीकडून पाहिला. साधा ओरखडा नाही.

‘‘आबा, वॉरंटी मंजूर!’’ ते म्हणाले. ‘‘पण पुढच्या वेळी फोन सोडा आणि हात टेका!’’

*

जळगावला असताना एक तरुण आला होता. नुकतंच लग्न ठरलेलं. स्क्रीनचा खालचा भाग बंद, त्यामुळे काही टाइपच होईना. मेसेज आला की वर जी तयार उत्तरं येतात, तेवढीच दाबता यायची. ‘हो’, ‘ठीक आहे’, ‘खूप छान!’

पार्ट यायला वेळ लागला. फोन न्यायला तो होणाऱ्या बायकोला घेऊनच आला. तिच्या प्रत्येक मेसेजला तो ‘हो’, ‘खूप छान!’ का म्हणायचा, ते तिला कळलं आमच्या काउंटरवर!

‘‘अहो, मी मैत्रिणींना सांगत सुटले की मुलगा किती समंजस आहे!’’ ती म्हणाली. मग मला हळूच विचारते, ‘‘ताई, जुनाच पार्ट परत नाही का बसवता येणार?’’

*

दोंडाईच्याच्या एक अक्का. मुलगा सैन्यात. त्याचा फोन यायचा, स्क्रीनवर त्याचा फोटो दिसायचा. पण कितीही बोट फिरवलं तरी कॉल काही उचलला जायचा नाही. तिकडे मुलगा काळजीनं पुन्हापुन्हा लावतोय.

मी म्हटलं, ‘‘अक्का, लगेच आणायचा ना फोन!’’

अक्का पदरानं स्क्रीन पुसत म्हणाल्या, ‘‘उचलता नही येत, पन वाजस तोपावत तेना फोटो तं दिसस!’’

*

आणि एक दुपार. हॉल माणसांनी भरलेला. सासू-सून आल्या होत्या. सुनेला ऐकू येत नाही, बोलता येत नाही. तिचा नवराही तसाच, सुरतेला कामाला. दोघं व्हिडिओ कॉलवर हातांनी बोलायची. ‘‘लोकांचा फोन कानाला, यांचा डोळ्याला,’’ सासूबाई म्हणाल्या. घरात तेवढा एकच फोन, आणि त्याचीच स्क्रीन काळी पडलेली.

त्या दिवशी पार्ट आला होता. मिलिंदभाऊंनी स्क्रीन बसवली आणि तिला खुणेनं सांगितलं, लावून बघ. नवऱ्याचा चेहरा उमटला. तिला बोलायला दोन्ही हात हवे, म्हणून फोन मिलिंदभाऊंनीच तिच्यासमोर धरला.

आणि जे काय हात चालले तिचे! सगळा हॉल बघत राहिला.

एकानं विचारलं, ‘‘काय म्हणतेय हो?’’

‘‘भांडतेय!’’ सासूबाई म्हणाल्या.

हळूहळू हात मंदावले. तिकडून नवऱ्यानं काहीतरी खूण केली. तिचे हात उत्तराला उठले आणि तिचं लक्ष हॉलकडे गेलं. सगळे तिच्याकडेच बघत होते. हात तसेच हवेत थांबले.

सासूबाई ताडकन उठल्या.

‘‘बठ्ठा जन तिकडे देखा!’’

सगळा हॉल मुकाट्यानं रस्त्याकडे तोंड करून बसला. मीसुद्धा. मिलिंदभाऊंना फोन सोडून वळता येईना. त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले.