तिच्या फॉर्ममधला एक नंबर

एसटीत बसलो हुतो, साताऱ्याहून कडेगावला चाललेलो. चुलत बहिणीची बारावी झालेली, मार्क लय भारी, आन तिला सांगलीला इंजिनिअरिंगमधी एआयच पायजे हुतं. फॉर्ममधी तेच एक नंबरला. घरात कॉम्प्युटरवाला मी एकटाच, म्हणून तपासायला मला बोलावलेलं.

कराडच्या अलीकडं मोबाईलवर बातमी दिसली. परदेशातल्या एका मोठ्या कंपनीनं डेटा सेंटरवरचा खर्च कमी केला, एआयचा फुगा फुटला म्हणं! हेडिंग वाचलं आन लगेच घरच्या ग्रुपवर ढकललं.

घरी पोचलो तर तिचे वडील, आमचे तात्या, दारातच.

"डेटा सेंटर म्हंजे काय रं?"

"आवं तात्या, आपला साखर कारखाना असतोय न्हवं, तसंच. मोठमोठी मशिनं. एआय त्याच्यावरच चालतंय."

"आन ती बांधायची कमी केली?"

"व्हय."

कारखान्यानं उसाच्या नोंदी कमी घेतल्या की आमच्याकडं लागण कमी करतात, त्यात कोण वाद घालत न्हाई. तात्यांनी तेच गणित लावलं. आन मी लावू दिलं.

बहीण म्हणाली, "दादा, बातमी पुरी वाचलीस का?"

"वाचली की."

"कंपनीनं बांधकाम थांबवलं म्हणून लोकं वापरायची थांबली व्हय? तूच काल एआयला विचारून मला कॉलेजांची यादी धाडलीस."

काकी फिस्सकन हसली. तात्या न्हाई हसले. "त्यो दिवसभर कॉम्प्युटरपुढं असतोय, त्याला कळंना आन तुला कळतंय?"

खरं सांगू, ते ऐकून मला लय बरं वाटलं. एआय खाली ढकलून सिव्हिल एक नंबरला मीच टाकलं. बदल नोंदवायचा ओटीपी तिच्या फोनवर आला. तिनं एकेक आकडा वाचून दाखवला, माझ्याकडं न बघता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात डबा खाताना बातमी उघडली. एका ठिकाणी वीज मिळंना म्हणून काम थांबवलेलं, दुसरीकडं चालूच. खाली कोण म्हणत हुतं खर्च जास्तच झालाय, कोण म्हणत हुतं आत्ता कुठं सुरुवात हाय. म्हंजे कुणालाच पक्कं ठाव न्हाई. फॉर्म संध्याकाळी पाचपर्यंत बदलता येत हुता. फोन हातात घेतला, मग तात्या काय म्हणतील ते डोळ्यापुढं आलं. ठेवून दिला.

तिला सिव्हिल मिळालं. एक नंबरचं मिळालं की तेच घ्यावं लागतं. एआयला लागलेल्यांची यादी बघितली तर शेवटच्या पोराला तिच्यापेक्षा कमी मार्क.

गेल्या रविवारी तिला सगळं सांगितलं, फोन ठेवून दिल्याचं बी. ती ड्रॉइंगच्या शीटवर रेघा मारत हुती. हात थांबला.

"मग एआय बुडणार का न्हाई?"

"मला म्हाईत न्हाई गं."

"हे त्या दिवशी तात्यांपुढं म्हणायचं हुतंस, दादा."