निरशा दुधाचा लीलाधर

लीलाधरइतका हट्टी मूर्ख आमच्या अख्ख्या शिंदखेडा तालुक्यात सापडायचा नाही, आणि हे मी त्याचा बालमित्र म्हणून सांगतोय. दुसरा कोणी असता तर जरा सांभाळून बोललो असतो. दोंडाईच्याजवळच्या आमच्या गावात आम्ही दोघं एका बाकावर शिकलो. पुढं तो वरणगावच्या कारखान्यात लागला आणि मी धुळ्याला एका डेअरीत दूध तपासायला. त्यानं पस्तीस वर्षं मशीनवर काढली, मी तेहतीस वर्षं दुधाच्या नमुन्यांत. निवृत्त होऊन दोघंही गावी आलो. मी ओसरीवर पेपर वाचत बसलो. त्यानं गाई घेतल्या.

गाईंना माझी ना नव्हती. चार गीर गाई, लोंबत्या कानांच्या, बघत राहावं अशा देखण्या. पण गाईंच्या मागोमाग त्याच्या मोबाईलमध्ये एक दाढीवाला बुवा शिरला, आणि तिथून सगळं बिघडलं. तो बुवा रोज सांगायचा की दूध तापवणं म्हणजे त्याला ठार मारणं. झालं! लीलाधरला तेवढंच पाहिजे होतं. कारखान्यात जन्मभर साहेबाचं ऐकलेला माणूस, आता त्याला जगाला सांगण्यासारखं काहीतरी सापडलं होतं.

सकाळी सकाळी गोठ्यात उभा राहून तो तांब्या तोंडाला लावायचा आणि मिशीला फेस घेऊनच माझ्या ओसरीवर यायचा. "तोताराम, जित्तं दूध पे, जित्तं! उकाळं का मरी जास ते."

"लीला," मी म्हणायचो, "दूध मरत नाही. दुधातले किडे मरतात. ते मारायलाच तापवतात."

"तुले काय समजस? तू जन्मभर मरेल दूध तपासं."

अस्सा राग यायचा! तेहतीस वर्षं मी जे केलं त्याला हा गडी मेलेलं म्हणणार, आणि कशाच्या जोरावर? मोबाईलच्या! मी त्याला सगळं समजावून सांगितलं होतं. फ्रान्सच्या त्या शास्त्रज्ञानं पहिल्यांदा दारू आंबू नये म्हणून ती बेताची तापवून बघितली, दुधाला ती रीत नंतर लागली. तिकडच्या मोठ्या शहरांत दारूच्या भट्ट्यांना लागून गोठे असायचे, भट्टीचा चोथा खाऊन गाई रोगट व्हायच्या आणि ते दूध पिऊन तान्ही पोरं जायची. दूध तापवायला लागले तेव्हा पोरं जगायला लागली. आणि तिकडेही लीलाधरचे भाऊबंद निघालेच होते, आमच्या दुधाला हात लावू नका म्हणून आरडाओरड करणारे. आपल्याकडे तर हा वाद असायचं कारणच नव्हतं. आपल्या आयाबायांनी कुठल्या फ्रेंच माणसाचं नाव ऐकलं होतं? तरी दूध घरात आलं की आधी चुलीवर. सायीसाठी म्हणा, नासू नये म्हणून म्हणा, पण उकळल्याशिवाय पोराच्या तोंडाला लावत नव्हत्या.

यावर लीलाधरचं उत्तर ठरलेलं. त्याचे आजोबा धारोष्ण दूध प्यायचे आणि नव्वदीपार जगले.

"आणि त्यांची भावंडं किती होती?" मी विचारलं.

"अकरा."

"त्यातली मोठी किती झाली?"

तो मिशी पुसत उठून गेला. तीन झाली होती. मला पाठ होतं, कारण त्याच्याच आजीनं आम्हाला सांगितलं होतं.

एक गोष्ट मात्र त्याची खरी होती, ती कबूल करतो. तो म्हणायचा, घाण दूध तापवलं म्हणजे ते स्वच्छ होत नाही, नुसती शिजलेली घाण होते. डेअरीत कॅनमध्ये काय काय तरंगताना मी बघितलंय ते सांगितलं तर तुम्ही चहा सोडाल. लीलाधरचा गोठा माझ्या सैपाकघरापेक्षा स्वच्छ होता. दुधाच्या काचेच्या बाटल्या तो स्वतः धुवायचा, धुळ्याला देवपुरातल्या शिकलेल्या लोकांकडे पाठवायचा. डॉक्टर, प्राध्यापक, वकील! एवढी बुकं शिकून अक्कल गहाण टाकलेली माणसं. निरसं दूध पिऊन आम्हाला कसं हलकं वाटतं, असे निरोप त्याला यायचे आणि तो ते मला मोठ्यानं वाचून दाखवायचा.

दोन वर्षांत त्याचे गुडघे धरले. मग कंबर. संध्याकाळी अंगात कणकण. त्याची बायको शेवंताबाई तर महिना महिना तापानं कुरकुरत असायची, कपडे घामानं ओले व्हायचे तिचे. मी म्हटलं, रक्त तपासून घ्या. लीलाधर हसला. बुवानं सांगितलं होतं म्हणे की निरसं दूध सुरू केलं की शरीरातलं साठलेलं विष बाहेर पडतं, त्याचा हा त्रास. मी कपाळावर हात मारून घेतला. शेवंताबाई हळूच मला म्हणाली, "भाऊ, यास्नं डोकं फिरी गयं शे." पण तीही तेच दूध पीत होती. नवऱ्यानं पुढं केलेला पेला नाही म्हणायचं तिला कधी जमलंच नाही.

आता आमच्या घरातलं सांगतो. माझा मुलगा योगेंद्र आणि सून पुनम. पुनम जळगावची, शिकलेली, शांत. लग्नाला सहा वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. धुळे झालं, नाशिक झालं, गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. पोरगी कोणाच्या बारशाला जायची नाही, आणि का येत नाहीस म्हणून विचारायला बायका घरी यायच्या. मग गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी तिला दिवस गेले. मी काय सांगू तुम्हाला! मी त्या दिवशी एकट्यानं गावाला दोन चकरा मारल्या. घरात फर्मान काढलं की पुनमला दूध मी स्वतः तापवून देणार, वर येऊन उतू जाईपर्यंत, आणि लीलाधरच्या घरचा थेंब या उंबऱ्याच्या आत येणार नाही. ती हसायची. "आबा, मी काय लॅबमधला नमुना आहे का?" म्हणायची आणि पेला रिकामा करायची.

तिला चौथा महिना चालू असताना लीलाधरची गंगा गाय गाभडली. सात महिन्यांचं वासरू, मेलेलं पडलं. मला कळलं तसा मी पळत गेलो. "लीला, सात महिन्यांची गाभण गाय उगाच गाभडत नाही. हा संसर्ग असतो. तो दुधात उतरतो, माणसाला लागतो. गुरांच्या डॉक्टरला बोलाव. दुधाचा नमुना दे, निळा रंग टाकून बघतात, सायीवर निळं कडं आलं की समजायचं."

"तिले दृष्ट लागेल शे," तो म्हणाला.

"दृष्ट?"

"बठ्ठा गावना डोळा मन्ह्या गायवर. मी सत्यनारायण करी राहिनू."

म्हणजे बघा! गाईला रोग, आणि हा गावभरची नजर लागली म्हणून पूजा घालणार. मी तिथंच त्याला वाटेल ते बोललो. बैलोबा म्हणालो, आणखीही बरंच काही म्हणालो. तो ऐकून घेत गंगेच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, तेही मला ढोंग वाटलं.

पूजेला मात्र आम्ही गेलो, सगळे. बालमित्राच्या घरची पूजा, न जाऊन कसं चालेल? तिथं त्यानं मला सगळ्यांसमोर पेला पुढं केला, आणि मी सगळ्यांसमोर तो परत केला. म्हटलं, "हे तुझं औषध तुलाच लखलाभ." लोक हसले. कथा ऐकली, आरती झाली, तीर्थप्रसाद घेतला, जेवलो, घरी आलो. येताना वाटेत मी योगेंद्रला पुन्हा एकदा सांगितलं की लीलाधरकाकाच्या डोक्यावर परिणाम झालाय.

तीन आठवड्यांनी पुनमला ताप भरला. उतरायचा, परत चढायचा. पाठ दुखायची, उशी घामानं भिजायची. दोंडाईच्याच्या डॉक्टरांनी मलेरियाचं बघितलं, टायफॉइडचं बघितलं. काही निघेना. पाचवा महिना संपत आला तेव्हा तिला धुळ्याला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला पाठवलं आणि रिपोर्ट आल्यावर आम्हाला आत बोलावलं. पुनम खाटेवर, योगेंद्र उभा, मी खुर्चीत.

"घरी कच्चं दूध पिता का?" बाईंनी विचारलं.

मी ताठ झालो. "बाई, मी तेहतीस वर्षं डेअरीत दूध तपासलंय. आमच्या घरात निरसं दूध? नाव काढू नका! तिचं दूध मी माझ्या हातानं उकळतो." आणि मग मी त्यांना लीलाधरचं सगळं पुराण ऐकवलं. बाई शिकलेल्या, त्यांनी मान डोलावली. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू? सुनेच्या खाटेशी बसून मला बरं वाटत होतं.

"आबा," पुनम म्हणाली, "तीर्थ घेतलं होतं."

"कुठलं तीर्थ?" बाईंनी विचारलं.

"लीलाधरकाकांकडे. पंचामृत. मी तुम्हाला म्हणाले होते, आबा, हे निरसं असेल ना."

म्हणाली होती. पूजेच्या पंचामृताला दूध निरसंच लागतं, उकळलेलं देवाला चालत नाही. ही आपली रीत, माझ्याही घरात तीच. माणसाला तापवून, देवाला निरसं. त्या दिवशी लीलाधर पळीनं तीर्थ देत होता, पुनमनं हात मागं घेतला आणि माझ्याकडे बघून हळूच विचारलं. चार माणसं बघत होती. आणि मी, दूध तपासनीस, गंगा गाभडलीय हे माहीत असलेला गावातला एकमेव शहाणा, मी तिच्यावर डोळे वटारले. म्हटलं, "देवाच्या दारात डोकं चालवू नको. हात पुढं कर." लीलाधर उलट म्हणाला होता, राहू दे रे, पोरीचं मन नसेल तर राहू दे. मी त्याच्या हातातली पळी घेतली आणि माझ्या हातानं तिच्या तळहातावर तीर्थ घातलं. एक नाही, दोनदा. दुसरं पोटातल्या बाळाचं म्हणून.

मला वाटलं होतं, तीर्थ म्हणजे काही दूध नव्हे.

डॉक्टरीणबाईंनी औषध सुरू केलं. आठव्या दिवशी बाळ गेलं. मुलगी होती.

लीलाधर दवाखान्यात आला. बातमी त्याला योगेंद्रनं दिली होती, त्याच्या घरच्या पूजेत लागण झाली एवढीच. पळी कोणाच्या हातात होती हे लीलाधरनं डोळ्यांनी बघितलं होतं, तरी त्यानं ते कधी काढलं नाही. तो बाहेर मोटारसायकली लावतात तिथं उभा होता, आत यायची त्याची हिंमत नव्हती. मला बघून माझ्या पायाशी बसला, साठी उलटलेला माणूस. "मन्ही चूक, तोताराम. मी मारी टाकं तुन्ही नातले." तो रडत होता. मी त्याला उठवलं नाही. मी म्हणालो, "तुला किती वेळा सांगितलं होतं."

एवढंच म्हणालो. त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं.

मग गावानं त्याचं जे करायचं ते केलं. गाई तपासल्या, गंगेसकट दोघी रोगी निघाल्या. बाटल्या बंद झाल्या. देवपुरातले शिकलेले लोक फोन उचलेनात. शेवंताबाईचा ताप गोळ्यांनी उतरला, त्याचे गुडघे राहिले ते राहिले. आणि मूर्खाची जात बघा, आता तो उकळण्याचा भक्त झालाय. वीस वीस मिनिटं दूध उकळत ठेवतो, तळाला करपून खरवड धरेपर्यंत, आणि भेटेल त्याला पकडून सांगतो की उकळा बाबांनो, उकळा. लोक त्याला टाळून पलीकडून जातात. हे सगळं मी चावडीवर रंगवून सांगत असे, आणि लोक म्हणत, तोतारामभाऊ, तुम्ही होता म्हणून त्याला इतके दिवस सहन केलं.

या श्रावणात आमच्याकडे सत्यनारायण होता. पंचामृताला दूध काढायची वेळ आली तेव्हा पुनमनं गॅसवर तापवून गार केलेल्या दुधाचं पातेलं आणून गुरुजींपुढं ठेवलं. गुरुजी थबकले. बायका कुजबुजल्या, देवाला उकळलेलं? तेवढ्यात दारातून लीलाधर बोलला. त्याला मी बोलावलं नव्हतं, पुनमनं बोलावलं होतं ते मला नंतर कळलं.

"घ्या, गुरुजी, तेच घ्या," तो म्हणाला. "मन्ह्या घरनं तीर्थ पीसन या पोरनं काय झाये ते बठ्ठा गावले माहीत शे. पाप मन्हं शे."

सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं, जसं गेले पाच-सहा महिने बघत होते तसं. पुनमनं बघितलं नाही. तिनं माझ्याकडे बघितलं. तिच्या हातात पळी होती. ती वाट बघत होती आणि कशाची ते मला माहीत होतं. तेवढं एक वाक्य बोलायला मला दोन क्षणही लागले नसते. गुरुजी थांबले होते, लीलाधर मान खाली घालून उभा होता.

मी घसा खाकरला. आरतीला उशीर होतोय म्हणालो.

आरती झाली. पुनम तीर्थ देत माझ्यापर्यंत आली. मी हात पुढं केला, तिनं एक पळी घातली, थांबली, आणि दुसरी घातली. मी दोन्ही घेतल्या आणि ओला हात डोक्यावरून फिरवला.