बाईंना ऐकू न आलेली चूक

मुक्या लाकडावर चुकलेलं बोट पियानोच्या बाईंना ऐकू यायचं. हे मी कुणाला सांगितलं तर लोक हसतात. पण पिंपरीच्या आमच्या वसाहतीत ज्यांनी बाईंची बोलणी खाल्ली आहेत, ते हसणार नाहीत. आम्ही आठ पोरं चाळीच्या व्हरांड्यात जमिनीवर ओळीनं बसलेली असायचो. प्रत्येकाच्या पुढ्यात एक फळी, फळीवर चिकटवलेला कागद आणि कागदावर शाईनं काढलेल्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या. बाई भिंतीला टेकून, डोळे मिटून लोकर विणत बसायच्या. आम्ही बोटं आपटायचो, टक टक टक. मधेच डोळे न उघडता बाई म्हणायच्या, "मंदे, करंगळी झोपली का तुझी?" आणि माझी करंगळी खरंच झोपलेली असायची. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी इतकी घाबरले, की घरी येऊन आईला म्हणाले, या बाईंना पाठीलाही डोळे आहेत. आई म्हणाली, "डोळे न्हाईत गं, कान हायती."

फळ्या का, हे सांगायला हवं. गोरे गेले तेव्हा देहूरोडच्या एका लष्करी मेसमधला पियानो लिलावात निघाला आणि आमच्या कारखान्याच्या साहेबांच्या क्लबानं तो घेतला. साहेबांच्या मुलांना शिकवायला खडकीहून बाई येऊ लागल्या. दर हिवाळ्यात मुलांची स्पर्धा व्हायची, ती भरवायचं कामही बाईंकडेच. दोन-तीन वर्षं त्याच पाच-सहा मुलांना आलटून पालटून कप मिळाल्यावर बाईंनी क्लबाच्या सभेत सांगितलं, की यंदा कामगारांच्या चाळीतली पोरंही उतरणार. सभेत म्हणे कुणाच्या हातातला चहाचा कप बशीवर आदळला. बाई म्हणाल्या, "स्पर्धा म्हणता ना? मग घरातल्या घरात कसली स्पर्धा?"

शेवटी सेक्रेटरीसाहेब कबूल झाले, पण अट घालून. पियानो सभासदांचा, तेव्हा चाळीतल्या पोरांनी त्याला हात लावायचा तो स्पर्धेच्या दिवशीच. आणि एक वर्ष पाहू. गोंधळ झाला, तर पुढच्या वर्षीपासून दार बंद. बाईंनी अट ऐकली आणि दुसऱ्या दिवशी शाईची दौत, पट्टी आणि आठ मोठे कागद घेऊन चाळीत हजर झाल्या.

हजर झाल्या त्या सायकलवरून. त्या काळी बाईमाणूस सायकलवर म्हणजे काय, हे आताच्या मुलींना कळायचं नाही. पांढरं पातळ, निऱ्यांना कपडे वाळत घालायचा चिमटा लावलेला, हँडलला छत्री अडकवलेली, अशा त्या खडकीहून दापोडी, कासारवाडी करत यायच्या. शिफ्ट सुटलेली माणसं रस्त्यात थबकून बघत राहायची. नगरच्या मिशनच्या शाळेत वाढलेल्या, नवरा तरुणपणीच गेलेला, मूलबाळ नाही. चाळीतल्या बायकांनी विचारलं, "बाई, भ्या न्हाई वाटत?" तर म्हणाल्या, "भ्यायचं कशाला? फिरतात ती चाकं. मी नुसती बसते."

"बोटानं दाबायचं, तोंडानं वाजवायचं," हा त्यांचा मंत्र. फळी मुकी, म्हणून प्रत्येक पट्टीचा सूर आम्ही तोंडानं गायचा. संध्याकाळ झाली की चाळीत आठ घरांतून एकच गत ऐकू यायची आणि आठही घरांतून टकटक. माझे वडील, आबा, कौतुकानं म्हणायचे, "आमच्या चाळीत सुतारपक्षी लई झालेत." कुणी फळीकडे बघून वाजवलं की बाई चिडायच्या. "पाहायला कशाला लागतं? ऐकू येतं!" त्या स्वतः तर कधीच पाहत नसत. त्याचा त्यांना अभिमान होता आणि आम्हाला त्यांच्या अभिमानाचा.

आबा मूळचे पिंपळे गुरवचे सुतार. गावात औतं आणि बैलगाड्या करायचे. कारखाना आला तसे लाकडी साचे करणाऱ्या खात्यात लागले. हात असा, की साहेबसुद्धा त्यांच्या कामावर पट्टी लावून बघायचे आणि पट्टी खिशात घालून निघून जायचे. स्पर्धेला पंधरा दिवस उरले असताना माझा कागद उंदरांनी खाल्ला. आईनं तो कणकेच्या खळीनं चिकटवला होता, उंदरांचा काय दोष? मी रडून गोंधळ घातला. आबा म्हणाले, "रडतीस काय, कागदाची कशापायी? लाकडाचीच करतो की."

शेजारच्या पोरीचा कागद मापाला आणून आबांनी सागवानाची फळी केली. पांढऱ्या पट्ट्या घासून गुळगुळीत, काळ्या पट्ट्या वेगळ्या कापून, वर उचलून बसवलेल्या. इतकी सुंदर वस्तू आमच्या घरात दुसरी नव्हती. फक्त एक गोष्ट मला खटकली. कागदावर काळ्या पट्ट्या दोन, मग रिकामी जागा, मग तीन, मग रिकामी जागा, अशा होत्या. आबांच्या फळीवर जागा कुठेच नव्हती. काळ्या पट्ट्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्या. मी विचारलं. आबा म्हणाले, "बाईंच्याकडनं राहिल्यात त्या. घाईत काढलं आसंल. दात्याच्या चाकाचा मधलाच दात कुनी गाळतं व्हय?" आबांना लाकडातलं सगळं कळतं हे मला जन्मापासून ठाऊक होतं. पंधरा दिवस मी त्या फळीवर गत इतकी वाजवली, की जुन्या जागा बोटांनी पार विसरून टाकल्या.

बाई त्या दिवसांत खुर्च्या, परवानग्या, परीक्षक यांच्या मागे पळत होत्या. एकदाच आल्या, मला म्हणाल्या, "वाजव." आणि डोळे मिटले. मी वाजवलं आणि गायलं. मुक्या फळीवर बोट कुठेही ठेवा, तोंडातून सूर बरोबरच निघतो. टकटक तालात होती, करंगळी जागी होती. बाई प्रसन्न हसल्या. "पहिला नंबर काढशील हं तू." त्या हसण्यावर मी आठ दिवस तरंगत होते.

स्पर्धेच्या दिवशी हॉलमध्ये पुढे साहेब लोक आणि त्यांच्या बायका, मागे भिंतीला लागून आमचे आईबाप उभे. साहेबांच्या मुलांचं झालं. मग आम्हा आठांची रांग लागली, आणि बाईंनी मोठ्या विश्वासानं मला सर्वांत पुढे ठेवलं. मी फळी काखेत घेऊनच गेले होते, ती स्टुलाला टेकवून ठेवली आणि पहिल्या पट्टीवर बोट ठेवलं.

पट्टी खाली गेली. पियानोची पट्टी दाबली की खाली जाते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं! आणि त्या काळ्या पेटाऱ्याच्या पोटातून एवढा मोठा आवाज आला, की मी हात मागे घेतला. बाई हळूच म्हणाल्या, "घाबरू नको. वाजव." मी पुन्हा सुरुवात केली. माझ्या गतीत काळ्या पट्ट्या लागोपाठ होत्या. एक वाजली, दुसरी वाजली, आणि तिसरीवर बोट टाकलं तिथे पट्टीच नव्हती. दोन पांढऱ्या एकदम दबल्या आणि भांडी पडावीत तसा आवाज झाला. मी पुन्हा केलं, पुन्हा तेच. मी वाकून नीट पाहिलं आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशी ओरडले, "बाई, इथली पट्टी पडलीय!"

हॉलभर हशा पिकला. सेक्रेटरीसाहेब मात्र हसले नाहीत. त्यांना वाटलं मी खरंच पियानो मोडला. ते धावत आले, पट्ट्या तपासल्या आणि मग त्यांची नजर माझ्या फळीवर गेली. त्यांनी ती उचलून बाईंच्या हातात दिली. "हे काय शिकवलंत तुम्ही?"

बाईंनी फळी पाहिली. डोळे उघडून. त्यांचा चेहरा असा पांढरा पडलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. त्या म्हणाल्या, "ही फळी मी तपासली होती. डोळे मिटून तपासली. चूक माझी आहे."

मागून आबांचा आवाज आला. "न्हाई बाई. त्या पट्ट्या म्या भरल्यात. मला वाटलं, तुमच्याकडनं राहिल्यात."

लोक आणखीच हसले. आबा टोपी हातात घेऊन उभे होते. माझ्या आबांना कुणी हसतंय, हे माझ्या डोक्यात शिरेचना. बाई त्या हसणाऱ्यांकडे वळल्या. "हसता काय? साध्या कागदातली चूकसुद्धा ज्याला सहन होत नाही, असा माणूस आहे तो. तुमच्यात आहे का कुणी?" हसणं थांबलं, पण तोवर सेक्रेटरीसाहेबांनी पियानोचं झाकण लावलं होतं. "गोंधळ झाला तर काय, ते ठरलं होतं," ते म्हणाले. माझ्यामागे सात पोरं धुतलेले कपडे घालून, बोटं पुसून उभी होती. त्यातल्या एकालाही पियानोला हात लावायला मिळाला नाही. मला रडूसुद्धा आलं नाही.

पुढच्या वर्षीपासून स्पर्धा फक्त सभासदांच्या मुलांची, असं ठरलं. बाईंनी काम सोडलं. दोन दिवसांनी भर दुपारी त्या आमच्या दारात सायकल लावून उभ्या राहिल्या. एरवी कुणाच्या घरात पाऊल न टाकणाऱ्या बाई जमिनीवर टेकल्या आणि आबांना म्हणाल्या, "तेवढी फळी मला द्या."

आबांनी मान खाली घातली. "बंबात घातली, बाई. त्याच दिशी."

"जाळलीत?" बाईंनी विचारलं. मग म्हणाल्या, "इतक्या वर्षांत मला ऐकू न आलेली चूक ती एकच. जपून ठेवायची होती हो मला." मग एकदम उठल्या. "क्लबाची किल्ली अजून माझ्याकडे आहे. संध्याकाळी द्यायची आहे. पोरांना गोळा करा. तुम्हीही चला."

दुपारचा क्लब रिकामा होता. आम्ही आठ पोरं आणि आबा चपला हातात घेऊन आत गेलो. बाईंनी झाकण उघडलं आणि आबांना म्हणाल्या, "आधी तुम्ही बसा. मोजा."

"म्या?" आबांना धक्काच बसला. धोतराला हात पुसून ते स्टुलाच्या कडेवर टेकले. दोन, जागा, तीन, जागा. दोन, जागा, तीन, जागा. या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांनी मोजलं. बाईंनी त्यांचं बोट धरून जागेच्या अलीकडची पांढरी पट्टी दाबली, मग पलीकडची. "ऐका. हे दोन सूर एकमेकांना इतके चिकटून आहेत, की मधे काही मावत नाही. राहिलं नव्हतं ते, दादा. तिथे जागाच नाही."

आबांनी त्या दोन पट्ट्या पुन्हा दाबल्या. पुन्हा. आठ-दहा वेळा. त्यांचे डोळे भरले होते. "बरुबर हाय," ते म्हणाले. "लई बरुबर बसवलंय."

मग आम्ही आठही जणांनी एकेक करून गत वाजवली. परीक्षक नव्हता, कप नव्हता. बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि प्रत्येकाच्या बोटांकडे डोळे उघडून पाहत होत्या. माझी गत तिसऱ्या पट्टीवर अडखळली, पण पुरी झाली. संध्याकाळी बाईंनी किल्ली परत केली आणि कासारवाडीच्या रस्त्यानं निघून गेल्या. छत्री आमच्याकडेच विसरल्या, ती घ्यायलाही पुन्हा आल्या नाहीत.

तीन-चार वर्षांनी खडकीहून आलेल्या एका गृहस्थांनी सहज बोलता बोलता सांगितलं, की त्या सायकलवाल्या बाई वारल्या. सहा महिने झाले. आम्हाला कुणी कळवलंच नव्हतं. त्या रविवारी आबांनी सागवानाचा एक तुकडा काढला आणि दिवसभर बसून फळी केली. दोन, जागा, तीन, जागा. पुरी झाल्यावर ती मांडीवर घेऊन बसून राहिले, कारण ज्यांना दाखवायची त्याच राहिल्या नव्हत्या.

आज माझ्याकडे मुलं पेटी शिकायला येतात. पहिला महिना मी त्यांना आबांची ती फळीच देते. ती टकटक करतात, तोंडानं गातात. बाईंचे कान मला लाभले नाहीत. मी समोर बसते आणि डोळे उघडे ठेवते.