अँटेनावरचं ताट

हे किस्से मी इतक्यांदा सांगितलेत, की यातलं घडलेलं किती आणि सांगता सांगता सुधारलेलं किती, याची मला आता खात्री नाही. प्रभादेवीच्या कट्ट्यावरचे मित्र म्हणतात, "तू सांग रे, तपासतोय कोण?" मला तरी धाकधूक असतेच.

मी एका छोट्या चार्टर कंपनीत फ्लाइट प्लॅन भरायचो. विमान एकच. त्यात सॅटेलाइट नेव्हिगेशन असेल तर प्लॅनमध्ये 'जी' हे अक्षर टाकायचं. मग कंट्रोलवाले सरळ मार्ग देतात. ते टाकण्याआधी मी कॅप्टन रेग्यांना तीन-तीनदा विचारायचो. एकदा ते म्हणाले, "यंत्र आहे, चालू आहे, मला वापरता येतं. आता लिही, नाहीतर मी पायी निघतो."

*

आमच्या शेठनी शेजारच्या कंपनीचा प्लॅन पाहिला. त्यावर अक्षरांची रांग. "आपल्यालाही चार-पाच टाका, बरं दिसतं."

प्रत्येक अक्षरामागे एक यंत्र लागतं, हे मी समजावलं. त्यांनी किंमत विचारली आणि म्हणाले, "जी पुरे."

*

सवय घरीही आली. अँटॉप हिलला साडूकडे जाताना मी टॅक्सीवाल्याला विचारलं, मोबाइलमधला नकाशा अपडेट केलाय ना?

"काका, साडूंनी घर हलवलंय का?"

*

आता अगदी सुरुवातीचा, दसऱ्याचा किस्सा. 'जी'ची परवानगी नुकतीच मिळालेली, त्या परवानगीवरचं पहिलंच उड्डाण, आणि प्लॅनवर सही माझी. कॅप्टन कॉकपिटमधून ओरडले, एकही सॅटेलाइट दिसत नाही! बाहेर येऊन पाहतो तर विमानाच्या टपावर, बरोबर अँटेनावर, स्टीलचं ताट. त्यात नारळ, झेंडू, पेढे. आमचे लालबागचे मेकॅनिक सावंत शिडीवर हात जोडून उभे.

"सायब, आरती झाल्याबिगर उचलूचा नाय."

प्लॅनमधून 'जी' काढायला मी कंट्रोलला फोन लावला. अधिकाऱ्यांनी कारण विचारलं. दोन एम.एस्सी. केलेल्या माणसाला खोटं सुचायला हवं होतं. मी म्हणालो, "अँटेनावर नैवेद्य आहे."

पलीकडून "थांबा" म्हणून ते गेले ते गेलेच. तक्रार लिहायला घेतली असणार. परवानगी गेली, नोकरीही गेली, असं धरून मी रिसीव्हर घट्ट धरून बसलो. अखेर आवाज आला, "जी राहू द्या. प्लॅन अर्धा तास पुढे ढकललाय. आरती उरका."

पुष्कळ वर्षांनी दादरला एका लग्नात कंट्रोलचे ते अधिकारी पंगतीत शेजारी बसले. धीर करून विचारलं, तेव्हा इतका वेळ कुठे गेला होतात?

"कॉम्प्युटरवरचा नारळ उतरवायला," ते म्हणाले. "त्याशिवाय तुमचा प्लॅन बदलणार कसा?"