उलट्या तोंडाची होडी

लालबागच्या गिरणीत मी साड्यांच्या काठांची नक्षी काढायचो. कोयरी, वेल, मोर हातात बसले होते. पण निसर्गचित्र काढायला गेलो की डोंगरसुद्धा काठावर विणल्यासारखा दिसायचा. म्हणून दर रविवारी गिरगावातल्या एका चित्रकला मास्तरांकडे जाऊ लागलो. साठीचे, तापट, पण मनाने मोकळे. त्यांच्या खोलीत त्यांच्या गुरूंचं मोठं तैलचित्र होतं: सकाळची खाडी, पलीकडे निळसर डोंगर, पाण्यात नांगरलेल्या तीन होड्या.

"याची नक्कल कर," मास्तर म्हणाले. "जमेपर्यंत दुसरं काही नाही."

चार महिने तेच चालू होतं. मी दूरच्या डोंगरावरचं पान न् पान रंगवायचो आणि मास्तर मागून ओरडायचे, "अरे, इथून तुला पान दिसतं का? डोळे बारीक कर. दिसेल तेवढंच काढ!" तसं पाहिलं तेव्हा कुठे कळलं, गुरूंनी अख्खा डोंगर दोन-तीन फटकाऱ्यांत उरकला होता. त्या दिवशी माझा डोंगर पहिल्यांदा मागे सरकला. आनंदाच्या भरात मी हातातल्या ब्रशसकट मास्तरांच्या पाया पडलो आणि त्यांच्या पांढऱ्याशुभ्र धोतराला निळा पट्टा ओढला.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. एकदा बंद पुकारला, गिरणी थांबली, ट्रामही नव्हती. मोर्चाबरोबर घोषणा देत मी चालतच गिरगावात पोचलो आणि आयती सुट्टी आहे म्हणून मास्तरांकडे गेलो. त्यांच्या दारात नेहमीची कोळीण टोपली उतरवून बसली होती. माझी जवळजवळ पुरी झालेली नक्कल ती निरखत होती.

"कसं वाटतं, मावशी?" मी विचारलं.

"पानी बेस हाय. पन ही तिसरी होरी उलटी कशी? नांगरलेली होरी येत्या पान्याकडं तोंड करते. दोघी इकडं नि एक तिकडं, असं कंदी होतं व्हय?"

मी ओशाळून मूळ चित्राकडे पाहिलं. तिथंही तसंच! मास्तर आता भडकणार म्हणून मी दोन पावलं मागे सरकलो. त्यांनी चष्मा लावला, चित्राला नाक टेकेल इतके जवळ गेले आणि खो खो हसत सुटले.

"वीस वर्षं शिकवतोय मी हे चित्र! मलासुद्धा दिसलं नाही!" मग मला म्हणाले, "गुरूंच्या चित्राला मी हात लावणार नाही. तू तुझी होडी फिरव."

फिरवली, आणि चित्रच बिघडलं. नजर तिन्ही होड्यांमागून चौकटीबाहेर पळायला लागली. गुरूंनी ती उलटी का ठेवली असेल, ते तेव्हा लक्षात आलं. काय करू, म्हणून विचारलं, तर मास्तर म्हणाले, "मला काय विचारतोस? नक्कल करायला आता मूळ चित्र कुठून आणणार?"

दोन रविवार खोडून-पुसून अखेर मी उजवीकडे काठाचा तुकडा पुढे आणला, त्यावर वाळत घातलेलं जाळं काढलं. नजर तिथं थांबली. मास्तर रंगांची पेटी माझ्या हातात ठेवून म्हणाले, "चल, शिवडीला जाऊ."

शिवडीच्या खाडीवर काढलेलं माझं पहिलं चित्र तिथल्या चिखलासारखंच झालं. दुसरं बरं झालं. ते मास्तरांनी मागून घेतलं.